तापणारे ग्राफिक्स कार्ड आणि हमीचा हक्क

जालना जिल्ह्यातील मंठ्यासारख्या तालुक्याच्या गावी ग्राफिक्स कार्ड ही वस्तू आता केवळ खेळांचा शौक असलेल्या तरुणांपुरती राहिलेली नाही. लग्नाच्या चित्रीकरणाचे मिक्सिंग करणारा स्टुडिओ, अल्बमची पाने रचणारा छायाचित्रकार, निवडणुकीपासून बारशापर्यंत सर्व प्रसंगांचे फ्लेक्स तयार करणारा दुकानदार आणि अभियांत्रिकीचे शिक्षण घेणारा विद्यार्थी या साऱ्यांच्या संगणकांत हे कार्ड बसलेले असते, आणि पुष्कळदा संपूर्ण संगणकाच्या किमतीचा सर्वांत मोठा हिस्सा त्या एकट्या कार्डापायी गेलेला असतो. आमच्या मराठवाड्याची अडचण अशी की, ज्या महिन्यांत लग्नसराईमुळे या यंत्रावर कामाचा सर्वाधिक बोजा पडतो, त्याच चैत्र-वैशाखात बाहेरचा पारा ४० अंशांच्या वर जातो आणि पत्र्याच्या छताखालील दुकानात तर दुपारी क्षणभर बसणेही असह्य होते. अशा वेळी कार्ड तापले, पंखे घोंघावू लागले, पडदा काळा पडला किंवा संगणक आपोआप बंद झाला, म्हणजे मालकापुढे प्रश्न उभा राहतो की हा दोष ऋतूचा, आपल्या निगराणीचा, की कार्डाच्या घडणीचा? या प्रश्नाचा निकाल ज्याला पुराव्यानिशी लावता येतो, त्यालाच हमीच्या मुदतीत कार्ड बदलून मिळण्याची खरी आशा धरता येते. तो निकाल कसा लावावा आणि पुढे कोणत्या मार्गाने जावे, हे सांगण्याचा हेतू या लेखामागे आहे.

प्रथम उष्णतेचा हिशेब नीट समजून घेतला पाहिजे, कारण बहुसंख्य तक्रारी तेथेच फसतात. कार्डावरील पंखे बाहेरची हवा आत ओढून धातूच्या पात्यांवरून फिरवतात व चिपची उष्णता त्या हवेबरोबर बाहेर टाकतात. सबब चिप कधीही खोलीतील हवेपेक्षा थंड होऊ शकत नाही, आणि काम तेच व पंख्यांचा वेग तोच असेल, तर खोलीचे तापमान जितके वाढेल जवळजवळ तितकेच चिपचेही वाढते. पौषातल्या सकाळी २५ अंशांच्या खोलीत जे कार्ड पूर्ण बोजाखाली ७२ अंशांवर स्थिर राहत होते, तेच वैशाखातल्या दुपारी ३९ अंशांच्या खोलीत ८६ अंशांच्या आसपास गेले, तर त्यात कार्डाचा यत्किंचितही कसूर नाही. दोन्ही वेळी फरक ४७ अंशांचाच आहे. कार्डाची प्रकृती ओळखण्यासाठी चिपचे नुसते तापमान न पाहता चिप आणि खोली यांच्या तापमानांतील हा फरक पाहावा, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ऋतू बदलला तरी तो फारसा बदलत नाही. तो बदलू लागला, पौषातला ४७ चैत्रात ६० झाला, तर मात्र पाणी कोठे तरी मुरत आहे हे निश्चित समजावे.

या मोजणीला मोठे साधन लागत नाही. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये स्वतंत्र ग्राफिक्स कार्डाचे तापमान २०२०च्या मे महिन्यातील सुधारणेपासून दिसू लागले आहे. अधिक तपशील हवा असल्यास जीपीयू-झेड किंवा एचडब्ल्यूइन्फो हे विनामूल्य कार्यक्रम उतरवून घ्यावेत. त्यांत चिपचे सरासरी तापमान, तिच्यावरील सर्वांत तप्त बिंदूचे म्हणजे हॉटस्पॉटचे तापमान, पंख्यांचा वेग आणि कार्ड घेत असलेले वॉट असे रकाने असतात, मात्र हॉटस्पॉटचा रकाना सर्वच कार्डांच्या बाबतीत उपलब्ध असतो असे नाही. खोलीसाठी भिंतीवर टांगण्याचा साधा तापमापक पुरतो. तो संगणकाच्या मागील गरम झोतात न ठेवता ज्या बाजूने हवा आत शिरते त्या बाजूला ठेवावा. नंतर एकच ठरावीक काम, समजा लग्नाच्या चित्रफितीचा तोच एक अर्ध्या तासाचा भाग, दर महिन्याला एकदा रेंडरला लावावा आणि पंधरा-वीस मिनिटांनी, आकडे स्थिर झाल्यावर, दिनांक, वेळ, खोलीचे तापमान, चिपचे, तप्त बिंदूचे, पंख्यांचा वेग व वॉट ही सहा-सात अंगे वहीत उतरवून पडद्याचे चित्रही जतन करावे. दुकानदार जसा रोजचा जमाखर्च लिहितो, तशीच ही वही शांतपणे चालू ठेवावी. तक्रारीचा प्रसंग आल्यावर घाईने केलेल्या एका मोजणीपेक्षा अशा सहा महिन्यांच्या नोंदींना सेवाकेंद्रात आणि पुढे ग्राहक आयोगातही अधिक वजन येते.

किती तापमान गैर मानावे, याचे उत्तर प्रत्येक कार्डागणिक वेगळे असले तरी काही आकडे ध्यानात ठेवण्याजोगे आहेत. एन्व्हिडिया कंपनीने आरटीएक्स ३०६० या आपल्याकडे बऱ्याच प्रमाणात वापरल्या जाणाऱ्या चिपसाठी ९३ अंश, तर आरटीएक्स ४०६०साठी ९० अंश ही कमाल मर्यादा दिलेली आहे. एएमडीच्या अलीकडच्या चिपांत तप्त बिंदूची मर्यादा ११० अंशांपर्यंत असते. मर्यादा गाठताच चिप स्वतःचा वेग कमी करते आणि तेवढ्यानेही न भागल्यास यंत्र बंद पाडते. ही संरक्षणाची तजवीज आहे, बिघाड नव्हे. तेव्हा केवळ ‘८५ अंश दाखवते’ एवढ्या कैफियतीवर कार्ड बदलून मागितले, तर नकार ठरलेला. परंतु खोली ३० अंशांवर असता मर्यादा गाठली जात असेल, पंखे पूर्ण वेगाने फिरत असूनही वॉट घसरत असतील, किंवा सरासरी तापमान ७० अंश आणि तप्त बिंदू १०५ अंश अशी मोठी दरी दिसत असेल, तर चिपवरील उष्णता पात्यांपर्यंत पोहोचतच नाही असा अर्थ होतो, आणि तेथे तक्रारीला भक्कम आधार मिळतो.

तरीही तक्रारीपूर्वी आपल्या घरातील कारणे निपटून काढणे प्राप्त आहे, आणि मंठ्याच्या परिसरात ती कारणे पुष्कळ आहेत. कार्तिकापासून कापसाची वेचणी, गाड्यांची वाहतूक आणि मोंढ्यातील मालाची चढ-उतार सुरू झाली की हवेत तंतू तरंगू लागतात. त्यापूर्वी सोयाबीनच्या मळणीची बारीक भुकटी उडून गेलेली असते. वर्षभर न उघडलेल्या संगणकाची बाजूची फळी काढून कार्डाच्या पंख्यांमधून विजेरीने पाहिले, तर पात्यांच्या फटींवर करड्या रंगाचा, बोटाने सोलून निघावा असा जाड थर बसलेला आढळतो. त्याखालचा धातू चमकदार, पण हवेला वाट नाही. तो थर काढण्यासाठी संगणकाची वीज तोडून, पंखा बोटाने धरून ठेवून, मऊ कुंचला आणि हवेचा हलका झोत वापरावा. पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरचा दाब मोठा असतो व त्याच्या हवेबरोबर पाण्याचे तुषारही येतात, म्हणून तो टाळावा.

कूलरविषयी विशेष इशारा द्यावासा वाटतो. उन्हाळ्यात माणसाला गार वारा लागतो म्हणून संगणकही कूलरच्या तोंडाशी ठेवण्याची रीत मी अनेक दुकानांतून पाहिली आहे, आणि ती घातक आहे. कूलरची हवा गार असली तरी दमट असते, आणि गवताच्या जाळ्या भिजून ओघळू लागल्या की क्षारयुक्त पाण्याचे सूक्ष्म थेंबही तिच्याबरोबर येतात. ते थेंब कार्डावर बसले म्हणजे सांध्यांना हिरवट गंज चढतो, आणि गंज दिसला की सेवाकेंद्र हमी नाकारते. कूलर खोलीत एका कोपऱ्यात असावा, समोरची खिडकी उघडी असावी, आणि संगणक त्या झोताच्या रेषेबाहेर, जमिनीपासून हात-दीड हात उंच असावा. याहून सोपा उपाय म्हणजे लांब रेंडर रात्री लावणे. वैशाखातही उत्तररात्रीची हवा दुपारपेक्षा दहा-बारा अंशांनी थंड असते आणि तेवढेच अंश चिपच्या तापमानातून वजा होतात. शिवाय एमएसआय आफ्टरबर्नरसारख्या कार्यक्रमाने कार्डाची विजेची मर्यादा ८० टक्क्यांवर आणली, तर कामाच्या वेगात थोडीच घट होते आणि उष्णता मात्र बरीच उतरते. ही मर्यादा केव्हाही पूर्ववत करता येते.

विजेकडेही दुर्लक्ष नको. दाब कमी-जास्त होणे, भारनियमनानंतर वीज झटक्याने परत येणे आणि भिंतीतल्या आर्थिंगचा अभाव यांमुळे जळालेले कार्ड हे उष्णतेने बिघडलेले कार्ड नव्हे, आणि ‘जळालेला माल’ बहुतेक हमीपत्रांत वगळलेला असतो. मदरबोर्डवरील खाचेतून कार्डाला ७५ वॉट मिळतात, सहा पिनांच्या जोडणीतून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या जोडणीतून १५०. ही गरज भागवू न शकणारा स्वस्तातला एसएमपीएस, म्हणजे संगणकाचा वीजपुरवठा संच, लावून महाग कार्ड चालवणे म्हणजे नुकसान ओढवून घेणे होय.

कारणे निपटूनही फरकाचा आकडा उतरत नसेल, तर पुष्कळ ठिकाणी स्थानिक कारागीर कार्ड उघडून चिप व धातूची पाती यांमधील उष्णतावाहक पेस्ट बदलण्याचा सल्ला देतो. हमीची मुदत संपलेली असेल तर तो सल्ला उत्तम आहे. मुदत शिल्लक असेल तर तो मानू नये. अनेक कार्डांच्या एका स्क्रूवर छोटी चिकटपट्टी असते आणि ती फाटलेली दिसली की सेवाकेंद्रातील माणूस पुढचे काही ऐकून घेत नाही. अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाने अशा चिकटपट्ट्यांच्या आधारे हमी नाकारणे तेथील कायद्याविरुद्ध असल्याची समज २०१८ मध्ये काही कंपन्यांना आणि २०२४च्या जुलैत अॅसरॉक, झोटॅक व गिगाबाइट यांना दिली. परंतु त्या कायद्याचा आधार येथील ग्राहकाला घेता येत नाही. पेस्ट सुकली असेल, तर तो कंपनीने दुरुस्त करावयाचा दोष आहे, आणि तो त्यांच्याच हातून दुरुस्त करून घ्यावा.

घडणीतला दोष असू शकतो का, अशी शंका घेणाऱ्यांसाठी अलीकडच्या काळातील दाखले पुरेसे बोलके आहेत. २००८च्या जुलैत एन्व्हिडियाने स्वतः जाहीर केले की लॅपटॉपांसाठीच्या तिच्या काही चिपांत चिप आणि तिची बैठक यांना जोडणारी सामग्री दुबळी ठरली आहे, आणि त्यापोटी १५ ते २० कोटी डॉलरांची तरतूद केली. पुनःपुन्हा तापण्याने व निवण्याने ती जोडणी तडकत असे. त्याच चिपा असलेल्या मॅकबुक प्रो संगणकांची दुरुस्ती अॅपलने हमी संपल्यानंतरही विनामूल्य करून दिली. २०१६ मध्ये ईव्हीजीए कंपनीच्या काही कार्डांवरील विद्युत्‌भाग अति तापत असल्याच्या तक्रारी आल्या, तेव्हा तिने ग्राहकांना उष्णतावाहक पट्ट्या मोफत पाठवल्या. आणि सर्वांत उद्बोधक दाखला एएमडीच्या आरएक्स ७९०० एक्सटीएक्स या कार्डाचा आहे.

हे कार्ड १३ डिसेंबर २०२२ रोजी बाजारात आले आणि काही आठवड्यांतच त्याच्या मालकांना तप्त बिंदू ११० अंशांवर जाऊन वेग घसरत असल्याचे आढळू लागले. प्रारंभी काहींना हे तापमान मर्यादेतच असल्याचे सांगण्यात आले. मालक मात्र आकडे घेऊन अडून बसले. रोमन हार्टुंग या जर्मन तंत्रज्ञाने अशी अनेक कार्डे मिळवून ती निरनिराळ्या स्थितींत चालवली आणि कार्ड आडवे की उभे यावर तापमान मोठ्या फरकाने बदलते असे दाखवून दिले. त्या कार्डांच्या शीतकात एक बंद, चपटी धातूची पोकळी असते. तिच्यातील थोडेसे पाणी चिपजवळ वाफ होऊन पसरते, थंड बाजूला पुन्हा द्रव होते आणि चिपकडे परतते. काही कार्डांत हे पाणीच अपुरे भरले गेले होते. जानेवारी २०२३ मध्ये एएमडीने ही चूक मान्य करून बाधित ग्राहकांना कार्ड बदलून देण्याची व्यवस्था केली. हा दोष केवळ एएमडीने स्वतः आखलेल्या कार्डांच्या एका मर्यादित भागात होता, आणि तो उघडकीस आला तो सरासरी तापमान व तप्त बिंदू यांतील दरी लोकांनी मोजून दाखवल्यामुळे. मंठ्यातल्या ग्राहकाने वहीत उतरवावयाचा रकाना नेमका हाच आहे.

२०२२च्याच ऑक्टोबरात आलेल्या आरटीएक्स ४०९० कार्डांच्या वीजजोडण्या वितळल्याचे प्रकार घडले. एन्व्हिडियाने नोव्हेंबरात जगभरातील सुमारे ५० प्रकरणे आपल्या माहितीत असल्याचे सांगून प्लग पूर्ण न बसवणे हे त्यांतील सामान्य कारण असल्याचे म्हटले, तरी कार्डे बदलून देण्याची जबाबदारी टाळली नाही. आपल्याकडे एवढे महाग कार्ड क्वचितच येते. पण प्लग ‘टक्’ आवाज होईपर्यंत बसला आहे आणि वायर जोडणीच्या अगदी तोंडाशी मुडपलेली नाही, हे कोणत्याही कार्डाच्या बाबतीत पाहून घ्यावे.

आता हमीकडे वळू. हमीची लढाई खरेदीच्या दिवशीच अर्धी जिंकली किंवा हरली जाते. दुकानदार ‘बिल नको, तेवढे स्वस्त पडेल’ म्हणाला तर त्या मोहात पडू नये. १८ टक्के जीएसटी वाचतो खरा, पण तीन वर्षांची हमी हातची जाते. पावतीवर कार्डाचे पूर्ण नाव आणि अनुक्रमांक लिहून घ्यावा, पेटीवरील आणि कार्डावरील अनुक्रमांक एकच आहे याची तेथेच शहानिशा करावी व दोहोंचे छायाचित्र घ्यावे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, ज्याचे अधिकृत नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग आहे, किंवा अन्य शहरांत अधिकृत वितरकाचा माल आणि परदेशातून परभारे आलेला माल शेजारीशेजारी विकला जातो. दुसऱ्या प्रकारच्या मालाला भारतात कंपनीची हमी बहुधा लागू नसते. जुन्या कार्डाच्या बाबतीत अधिकच सावध राहावे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाने आपली पद्धत बदलल्यावर ते चलन मिळवण्यासाठी रात्रंदिवस चाललेली असंख्य कार्डे जुन्या बाजारात उतरली. त्यांतले एखादे घ्यावयाचेच असेल तर मूळ पावती मागावी, कंपनीची हमी अनुक्रमांकावर चालते की पहिल्या खरेदीदाराच्या नावावर हे विचारावे, आणि विक्रेत्यासमोर वीस मिनिटे पूर्ण बोजाखाली चालवून मगच पैसे द्यावेत.

तक्रार दाखल करताना प्रथम कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा सेवाकेंद्राकडे लेखी अर्ज करून तक्रार क्रमांक मिळवावा. तोंडी बोलणी कितीही गोड झाली तरी ती पुराव्यात येत नाहीत. अर्जात भावनेचा पाल्हाळ नसावा. कार्डाचे नाव, अनुक्रमांक, खरेदीचा दिनांक, आढळलेला दोष, खोलीच्या तापमानासह मोजण्या आणि ‘हेच कार्ड दुसऱ्या संगणकात लावूनही तोच दोष दिसला’ ही नोंद, एवढा मजकूर पुरतो. ती शेवटची नोंद फार मोलाची आहे, म्हणून ओळखीच्या एखाद्या दुकानात जाऊन ती परीक्षा अवश्य करावी.

मंठ्यात कंपन्यांची सेवाकेंद्रे नाहीत. वाटूर फाट्यामार्गे जालना सुमारे ६० किलोमीटर, आणि कित्येक कंपन्यांसाठी तेथूनही पुढे छत्रपती संभाजीनगर, पुणे वा मुंबई गाठावी लागते. एसटीने स्वतः नेणे शक्य असेल तर तेच उत्तम, कारण कार्ड ताब्यात घेतल्याची पोच हातात मिळते. तिच्यावर कार्डाची बाह्य स्थिती, म्हणजे गंज नाही, वाकलेले नाही, चिकटपट्टी शाबूत आहे, असे लिहून घ्यावे. कुरियरने रवानगी करावयाची झाल्यास कार्ड स्थिरविद्युत्‌रोधक पिशवीत, मूळ पेटीत आणि मग दुसऱ्या मोठ्या पेटीत घालावे, बांधणीचे सलग चित्रीकरण करावे आणि पार्सलचा विमा उतरवावा. बदली मिळेल ती नवीच असेल असे नाही. बहुतेक कंपन्यांच्या शर्तींत दुरुस्त केलेले किंवा समतुल्य कार्ड देण्याची मुभा राखलेली असते आणि हमीची उरलेली मुदतच पुढे चालते. हाती आलेल्या कार्डाचा नवा अनुक्रमांक लेखी घ्यावा आणि पहिल्याच दिवशी ठरावीक रेंडर लावून वहीत नवे पान सुरू करावे.

रास्त तक्रार फेटाळली गेली, किंवा महिनोन्‌महिने उत्तरच आले नाही, तर हताश होण्याचे कारण नाही. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, आणि पुष्कळ प्रकरणे तेथील मध्यस्थीनेच मिटतात. न मिटल्यास २० जुलै २०२० पासून अमलात आलेला ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ आपल्या बाजूने उभा आहे. जुन्या कायद्यात विरुद्ध पक्ष जेथे असेल किंवा व्यवहार जेथे घडला असेल तेथे दाद मागावी लागे. आता तक्रारदार जेथे राहतो किंवा काम करतो तेथील जिल्हा आयोगाकडे, म्हणजे आपल्याला जालन्यालाच, तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी फी नाही, वकील देण्याची सक्ती नाही, आणि अर्ज ऑनलाइनही दाखल होतो. दोष तपासण्यासाठी आयोग वस्तू प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो.

स्टुडिओ किंवा फ्लेक्सचे दुकान चालवणाऱ्यांनी एका मुद्द्याकडे मुद्दाम लक्ष द्यावे. व्यापारी हेतूने घेतलेल्या वस्तूचा खरेदीदार या कायद्यात ‘ग्राहक’ ठरत नाही, आणि कंपनीचा वकील पहिली हरकत हीच घेतो. परंतु केवळ स्वयंरोजगाराद्वारे उपजीविका चालवण्यासाठी घेतलेली व स्वतः वापरलेली वस्तू या अपवादातून वगळलेली आहे. म्हणून तक्रार अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात ‘मी स्वतः हा संगणक चालवतो व त्यावर माझ्या कुटुंबाचा उदरनिर्वाह होतो’ असे स्पष्ट विधान करावे, आणि ते खरे असल्याचे दाखवणारी कागदपत्रे जोडावीत.

तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगाकडे अर्ज दाखल झाला पाहिजे. कंपनीशी चाललेल्या नुसत्या पत्रव्यवहाराने ही मुदत वाढेल असे कोणी गृहीत धरू नये. पहिला लेखी नकार हाती येताच त्याचा दिनांक वहीत नोंदवावा आणि जालन्याच्या आयोगातील अर्जाची तयारी त्याच आठवड्यात सुरू करावी.